मनाचा डॉक्टर शोधताना

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत एक विद्यार्थी पहाटे सहाला हजर असे. स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा चिकाटीचा. पावसाळा संपता संपता तो उशिरा येऊ लागला. पुढे दिवसाआड, आणि मग आठ-आठ दिवस फिरकेना. आम्ही त्याला बोलावून घेतले. आमच्यापैकी तिघांनी मिळून तासभर त्याला समजावले. जयंतीच्या महिन्यात विहारात अठरा तास अभ्यासाचा उपक्रम असतो, त्यात तू सर्वांच्या आधी येऊन बसायचास, मग आता काय झाले, असे विचारले. त्याने मान खाली घालून सारे ऐकून घेतले, "हो काका" म्हणाला, आणि त्यानंतर आलाच नाही.

तीन महिन्यांनी त्याची थोरली बहीण आमच्याकडे आली. रात्री तीनला त्याला जाग येते ती येतेच, जेवण तुटले आहे, अंघोळीचाही कंटाळा करतो. ज्या मुलीशी लग्न करायचे ठरले होते तिच्याशी संबंध तुटला आहे, आणि "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असे वरचेवर बोलतो. वडील म्हणतात, सोंग आहे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या त्या घरात आईने गुपचूप कुठून तरी मंतरलेला दोरा आणून त्याच्या उशाखाली ठेवला होता. बहिणीने आम्हाला एवढेच विचारले, "काका, मनाचा चांगला डॉक्टर कुठे मिळेल?"

आमच्या वहीत रक्तगटानुसार रक्तदात्यांची यादी होती. रुग्णवाहिकेचा नंबर होता, जात पडताळणीचे काम पाहणाऱ्या वकिलांचा नंबर होता. मनाच्या डॉक्टरचा नव्हता. तेव्हापासून आम्ही जी शोधाशोध केली, आणि तीत ज्या चुका केल्या, त्यांतून हा लेख तयार झाला आहे. संबंधित कुटुंबांची परवानगी घेतली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा प्रश्न एका घरचा नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. त्याहून गंभीर बाब अशी की, आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपल्याकडे चित्र फार निराळे असेल असे समजण्याचे कारण नाही.

पाटीवर काय लिहिले आहे?

पहिली अडचण शब्दांची. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, थेरपिस्ट अशा पाट्या आपण वाचतो आणि सारे एकच समजतो. तसे नाही.

मानसोपचारतज्ज्ञ, ज्यांना मनोविकारतज्ज्ञ किंवा सायकियाट्रिस्ट असेही म्हणतात, हे वैद्यकीय डॉक्टर असतात. एम.बी.बी.एस. झाल्यावर त्यांनी या विषयात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले असते आणि त्यांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. मनाच्या आजारावर औषध लिहून देण्याचे, गरज पडल्यास दाखल करून घेण्याचे काम यांचे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. हा नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. खरा तज्ज्ञ तो आनंदाने सांगतो.

राहिले समुपदेशक. खरा गोंधळ इथेच आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून, किंवा समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. पदवी घेऊन, पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेले उत्तम समुपदेशक आपल्याकडे आहेत. त्याच वेळी दोन रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेलेही आहेत. संमोहनाने सुप्त मन धुऊन काढतो, सहीचे वळण बदलून नशीब बदलतो, असे सांगणारे त्याच रस्त्यावर दुकान थाटतात. या क्षेत्रातील व्यवसायांना शिस्त लावण्यासाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. तथापि आज तरी पाटीवरच्या शब्दावरून माणसाची पात्रता ठरवता येत नाही, शिक्षण विचारावेच लागते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पदवी हे सर्वस्व नव्हे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य स्थानिकांना पद्धतशीर प्रशिक्षण दिले, त्यांच्या कामावर देखरेख ठेवली, आणि तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी सहा ते आठ भेटी घेण्यास सांगितले. ज्यांना या भेटी मिळाल्या ते न मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारले, आणि हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण आणि देखरेख हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. "तुम्ही अडलात तर कोणाचा सल्ला घेता?" हा प्रश्न समुपदेशकाला जरूर विचारावा.

मग आधी कोणाकडे जावे? झोप, भूक आणि रोजचे काम दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडले असेल, कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, विनाकारण संशय वाढला असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. थायरॉइडच्या दोषाने किंवा रक्त कमी असल्यानेही माणूस मलूल होतो, म्हणून ते रक्त तपासायला सांगतात. त्याला फसवणूक समजू नये. नात्यातील तेढ, प्रेमभंग, परीक्षेची धास्ती, जवळच्या माणसाचा मृत्यू, यांत आधी मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशकाकडे गेले तरी चालते. पुष्कळदा दोघेही लागतात. आमच्या विद्यार्थ्याला दोन्ही लागले. औषधांबद्दल एवढेच की, नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. चार दिवसांत फरक नाही म्हणून किंवा महिन्याभरात बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

पैशाची बाजू

खासगी भेटीचे शुल्क शहरात काही शेपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते, आणि एका भेटीत भागत नाही. आमच्या बहुतेक सभासदांना हे परवडणारे नाही. परंतु परवडत नाही म्हणून मार्ग बंद होत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. मुंबईत के.ई.एम., नायर, सायन, जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांत मनोविकाराची ओ.पी.डी. असते आणि खर्च नाममात्र असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचे नाव काढले की आपले लोक दचकतात, पण तेथेही बाह्यरुग्ण विभाग असतो आणि संध्याकाळी माणूस घरी येतो. गोव्यातील आप्तांना बांबोळीची संस्था जवळची.

सरकारी रुग्णालयाची अडचण आम्ही लपवत नाही. रांग मोठी, डॉक्टरांना वेळ थोडा, आणि दर खेपेला नवा निवासी डॉक्टर समोर येऊन पुन्हा पहिल्यापासून विचारतो. यावर आम्हाला एका परिचारिका भगिनीने सांगितलेली युक्ती अशी : केसपेपरवर युनिट आणि वार लिहिलेला असतो, त्याच वारी जावे. मागची सर्व कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत आणि झोप, भूक, गोळ्या यांची चार ओळींची नोंद लिहून न्यावी. बोलायला मिळणारी पाच मिनिटे मग वाया जात नाहीत.

ज्यांना घराबाहेर पडणेही अवघड आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येते. ठाण्याची आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून या क्षेत्रात आहे. खासगी समुपदेशकांपैकीही अनेक जण विद्यार्थ्यांना सवलत देतात. विचारल्याशिवाय मात्र ते कळत नाही. आपल्या लोकांना देणगी मागताना संकोच वाटत नाही आणि फी कमी कराल का विचारताना वाटतो, याचे आम्हाला नवल वाटते. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाचा आजार शरीराच्या आजाराप्रमाणेच धरणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. बहुतेक पॉलिसींत हा लाभ दाखल झाल्यावरच मिळतो, एवढे वाचून घ्यावे.

पहिला माणूस जुळलाच पाहिजे असे नाही

त्या विद्यार्थ्यासाठी आम्ही खटपट करून एक समुपदेशक शोधले. पदवी चोख, फी निम्मी केलेली. आम्ही निश्चिंत झालो. दुसऱ्या भेटीनंतर मुलगा जायला तयार होईना. बहिणीने खोदून विचारले तेव्हा कळले. क्लासमधली मुले त्याला एकच बोलून दाखवत, "तुमचं काय, तुम्हाला कमी मार्कांत होतं." ज्या मुलीशी लग्न ठरवले होते तिच्या घरच्यांनीही याच कारणाने नकार दिला होता. हे त्याने सांगितल्यावर समोरून उत्तर आले, "आता जात कोण मानतं? तू फार मनाला लावून घेतोस." मुलगा बहिणीला म्हणाला, "तिथेही मलाच समजावलं."

हे वाक्य आम्हाला लागले, कारण आधी आम्हीही तेच केले होते.

ते समुपदेशक वाईट होते असे नाही. पण ज्याला जातीचा अनुभव हा अनुभवच वाटत नाही, त्याच्यापुढे आपला मुलगा मन कसे उघडणार? रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूनंतर विद्यापीठे व रुग्णालयांतील जातीय छळाविषयी देशभर बोलले गेले. मनावरचा हा भार काल्पनिक नाही, हे ज्याला शिकवावे लागते त्याच्याकडे पैसे भरून शिकवणी घेण्यात अर्थ नाही. पहिल्याच भेटीत सरळ विचारावे, "माझ्या अडचणीत जातीचा भाग आहे. अशा लोकांबरोबर तुम्ही काम केले आहे का?" उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत पाहावी. चिडले, हसण्यावारी नेले, उपदेश केला, तर दुसरे दार.

दुसरे दार एका मानसशास्त्रज्ञ बाईंचे होते. त्यांनी म्हणे फक्त विचारले, "हे असं बोलणं पहिल्यांदा कधी ऐकलंस?" मुलगा त्या दिवशी तासभर बोलला. या बाई आपल्या समाजाच्या नाहीत, हेही नमूद करतो. समाजाचाच थेरपिस्ट हवा असा आमच्यातील काहींचा आग्रह असतो. काहींना तो खरोखर उपयोगी पडतो. काहींना उलट नको असतो, कारण लग्नसमारंभात तोच माणूस पंगतीत समोर बसेल याची धास्ती असते. हे ज्याचे त्याने ठरवावे.

इतरही काही प्रश्न पहिल्या भेटीत विचारून घ्यावेत : कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती भेटी लागतील, ठरलेली भेट चुकली तर फी पडते का, घरच्यांनी फोन केला तर त्यांना काय सांगाल. तीन-चार भेटी तरी द्याव्यात, कारण सुरुवातीला जुने दुःख वर येऊन उलट अधिक त्रास झाल्यासारखे वाटते. पण काही गोष्टी दिसल्या तर थांबू नये : तीन भेटींत बरे करण्याची हमी, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला, खडे-कुंडली, अंगचटीला येणे, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणे. डॉक्टर बदलणे हा कोणाचा अपमान नाही. चष्मा लागला नाही तर आपण नंबर पुन्हा तपासतोच की.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक माहिती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. आपल्या महाविद्यालयात तो कोणत्या खोलीत बसतो, हे विचारायला हरकत नाही.

संसाराची भांडणे आणि आमचे मंडळ

आता आमच्या दुसऱ्या चुकीबद्दल. नवरा-बायकोचे बिनसले की दोन्हीकडची माणसे संस्थेकडे येतात. ज्येष्ठ मंडळी सतरंजीवर बसतात, दोघांचे ऐकतात आणि समेट घडवतात. पुष्कळ संसार यातून सावरलेही. पण चहा संपायच्या आत ती हकीगत वस्तीभर झालेली असते, आणि समेट म्हणजे बहुधा सुनेने माघार घेणे. एका बैठकीत आम्ही एका सुनेला सांगितले, "बाई, थोडं सांभाळून घे." चार महिन्यांनी ती हाताला प्लास्टर घालून माहेरी आली.

तेव्हापासून आम्ही हे दोन प्रकार वेगळे धरतो. मारहाण, धमकी, डांबून ठेवणे असेल तर दोघांना समोरासमोर बसवून समुपदेशन करायचे नाही. नवऱ्यासमोर बोललेल्या शब्दाची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते. अशा वेळी आधी सुरक्षितता : २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, त्याखालील संरक्षण अधिकारी, १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि महिला व मुलांसाठी विशेष कक्ष. हा कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आत सुरू केला. पुढे राज्यभर तो पोहोचला.

हिंसा नाही, पण बोलणे बंद आहे, संशय आहे, सासर-माहेरचे ताणतणाव आहेत, मूल होण्यावरून कुरबूर आहे, अशा ठिकाणी दाम्पत्य समुपदेशन उपयोगी पडते. तेथे बसलेली व्यक्ती न्यायाधीश नसते. चूक कोणाची याचा निकाल ती देत नाही आणि संसार टिकलाच पाहिजे असा तिचा हट्टही नसतो. दोघांनी एकमेकांना खोडून न काढता बोलावे एवढी सोय ती करते. एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला सांगणार की नाही, हे आधी विचारून घ्यावे. नवरा येत नसेल तर बायकोने एकटीने गेले तरी चालते. प्रकरण कोर्टात गेलेच असेल तर १९८४ च्या कायद्याने झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात, त्यांची वेगळी फी नसते. आणि भांडणाचे मूळ दारू असेल तर आधी दारूवर उपचार. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे.

विपश्यनेबद्दल लिहिले नाही तर हा लेख आपल्या समाजात अपुरा राहील. कोणी उदास दिसला की आपण चटकन म्हणतो, "दहा दिवस इगतपुरीला जाऊन ये." साधनेचा लाभ ज्यांनी घेतला आहे त्यांचा अनुभव आम्ही नाकारत नाही, आमच्यापैकी दोघे स्वतः साधक आहेत. परंतु गंभीर मानसिक आजारावरचा उपचार म्हणून या शिबिराकडे पाहू नये, ते वैद्यकीय उपचारांची जागा घेत नाही, हे विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच नमूद आहे. ज्याची झोप उडाली आहे, ज्याच्या मनात मरणाचे विचार आहेत, त्याला दहा दिवसांच्या मौनात एकटे बसवण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि अर्जात आजार व गोळ्या लपवू नयेत.

मरणाची भाषा कोणी करीत असेल तर "असे विचार येतात का?" असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे ठेवू नये, घरातील फवारणीचे औषध आणि गोळ्या हलवाव्यात, १४४१६ किंवा ११२ ला फोन करावा, जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नये. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नासाठी पूर्वीचे ३०९ सारखे सरसकट कलम राहिलेले नाही.

त्याच २०१७ च्या कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आमच्या काही कार्यकर्त्यांना हे पचायला जड गेले. डॉक्टरांचा पत्ता आम्ही दिला, रिक्षाचे पैसे आम्ही दिले, मग "त्याला नेमकं झालंय काय?" हे आम्हाला का सांगू नये, असे एकाने बैठकीत विचारले. सांगू नये, असेच ठरले. संस्थेने पत्ता द्यावा, सोबत हवी तर जावे, बाहेर बाकावर बसावे, आणि परतताना क्रिकेटवर बोलावे.

तो विद्यार्थी अभ्यासिकेत परत आला नाही. नऊ-दहा महिने त्याच्या गोळ्या चालल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. परीक्षा त्याने एक वर्ष सोडली. आता एका खासगी कार्यालयात नोकरी करतो आणि रस्त्यात भेटला तर थांबतो.

आमच्या वहीत आता एक पान आहे : नाव, शिक्षण, भाषा, फी, सवलत, सरकारी असेल तर ओ.पी.डी.चा वार. जो कोणी जाऊन येतो त्याला आम्ही एवढेच विचारतो की, पुन्हा जाल का. नाही म्हणाला तर त्या नावापुढे खूण करतो. या पानाची एक प्रत आम्ही अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डावर लावली होती, खाली फाडून नेण्यासाठी नंबराच्या चिठ्ठ्या कापून. महिनाभर एकही चिठ्ठी हलली नाही; चारचौघांसमोर ती कोण फाडणार? मग ग्रंथपाल ताईंनी तो कागद काढला आणि मुलामुलींच्या दोन्ही स्वच्छतागृहांच्या दारांना आतून लावला. पंधरा दिवसांत चिठ्ठ्या संपल्या. नवा कागद लावला आहे.